मांसाहारी शंखाचा गृहप्रवेश

बंगळुरात उतरलो तेव्हा पिशवीत मालवणची सोलं होती आणि पोटात दोन दिवस मासे मिळणार नाहीत याची धास्ती. मावसभाऊ अण्णाचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, मराठी आणि कडक शाकाहारी. त्याने देवनहळ्ळीला घर बांधलं होतं आणि उद्याच्या वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावलं होतं. प्रेमापोटी, असं मला वाटलं.

"स्वल्प ट्रॅफिक, सार," टॅक्सीवाला म्हणाला. स्वल्प म्हणजे थोडं. इथे दीड तासालाही स्वल्पच म्हणतात. द्राक्षमळे आणि प्लॉटच्या पाट्या पाहत पोचलो.

बिसी बेळे भाताचा (गरम, मसालेदार डाळभात) दुसरा घास घेतोय तोच अण्णाने तबक पुढे केलं. त्यात उजव्या तोंडाचा, चकचकीत दक्षिणावर्ती शंख. "तू कॉलेजात गोगलगायी शिकवल्यास. उद्या चारचौघांत सांग, अस्सल म्हणून."

अण्णाची बायको, जिला सगळे अक्का म्हणतात, देव्हाऱ्यातला जुना शंख पदरात घेऊन बसली होती. "सासूबाईंनी हातात दिला होता. आता हा माळ्यावर जाणार म्हणे," ती म्हणाली. मला अण्णाचा रागच आला.

मी दोन्ही शंखांत बोट घातलं. जुन्याच्या आतल्या खांबावर तीन ठसठशीत वळ्या लागल्या, अस्सल शंखाची खूण. नवा गुळगुळीत. अण्णाला बाजूला घेऊन त्याचंही बोट आत घालायला लावलं. "नवा हा आपला शंखच नव्हे, अमेरिकेच्या किनाऱ्यावरची गोगलगाय आहे. तिची सगळी जातच उजव्या तोंडाची. शिंपल्याच्या फटीत कवचाची कड खुपसते, उघडते आणि आतलं मांस खाते."

अण्णाचं तोंड उतरलं. सगळ्या भाऊबंदांना त्याने शंखाचे फोटो पाठवले होते. मग एकदम चेहरा उजळला. बाहेर येऊन त्याने जाहीर केलं, "हा मांसाहारी निघाला. आपल्या घरात चालणार नाही!"

अब्रू वाचली. पण अण्णाची बहीण चौकस. "सरी, बरं. आणि जुना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अक्काही. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण तीस वर्षं शिकवलेलं तोंडातून निघून गेलंच, "वाळूत दडून राहतो. सोंड लांबवून किडे खातो."

माझा भात गार झाला.

अक्काने पदराने शंख पुसला. "समुद्रात काय खाल्लं ते खाल्लं. आमच्याकडे आल्यापासून पाण्यावरच आहे."

आधी नणंद हसली, मग अण्णा. दुसऱ्या दिवशी त्याने जुना शंख स्वतःच्या हातांनी उंबऱ्याआत नेला. अमेरिकन पाहुणा टीव्हीशेजारी बसला.

मालवणात परतल्यावर सगळ्यात आधी बांगडा तळायला सांगितला. ताट पुढे आलं आणि अक्काचा शंख आठवला. मला त्या घरात दोन दिवस निघाले नाहीत. त्याने जन्म काढला, तेही घोटभर पाण्यावर.