लंडनचा खून आणि आमचे साक्षीदार

एकाच खुनावर माणसं किती बोलू शकतात? आम्ही कित्येक वर्षं बोलतोय! खून लंडनचा, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, अजून न सुटलेला. बोलणारे आम्ही, दुबईत ऊद मेथाला दामले सरांच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, पोहे खात. खुनी काही सापडत नाही, किस्से मात्र साठतच चाललेत.

सर पुण्यात फौजदारी वकील होते, इथे एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला आहेत. त्यांचा नियम एकच. "खुनी शोधायचा नाही, साक्षीदार तपासायचा. कुठे उभा होता, उजेड किती होता, आधी कुणाशी बोलला!"

*

त्या केसमध्ये एका साक्षीदाराने गॅसच्या मिणमिणत्या दिव्यात संशयिताच्या टायचा रंगसुद्धा सांगितला होता. मला ते अगदी पटलं होतं.

सर म्हणाले, "डोळे मिटा सगळ्यांनी. माझा शर्ट कुठल्या रंगाचा?"

मी म्हणाले निळा, निखिल म्हणाला राखाडी. सर हसले. "पांढरा आहे!"

किचनमधून काकूंचा आवाज आला, "अहो, पांढरा मी काढून ठेवला होता. तुम्ही पिवळा घातलाय!"

*

खुनाच्या रात्री शेजारच्या एका बाईने किंकाळी ऐकली होती, पण ती उठलीच नाही. आमची मनीषा भयंकर चिडली. "कसली बाई ही! मी असते तर धावत गेले असते!"

"तुमच्या टॉवरचा फायर अलार्म वाजतो तेव्हा काय करतेस?" सरांनी विचारलं.

मनीषा पोह्यांत चमचा फिरवायला लागली. "पोरं म्हणतात, रिलॅक्स मम्मा, इट्स जस्ट अ ड्रिल. मग मी चहा संपवते."

त्या दिवसापासून त्या बाईला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही.

*

निखिलच्या गाडीला शारजाच्या रस्त्यावर कुणीतरी मागून ठोकलं. पहिल्या शनिवारी ठोकणारी गाडी छोटी होती. दुसऱ्या शनिवारी ती लँड क्रूझर झाली. तिसऱ्या शनिवारी निखिलने तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "खलास! आज अठरा चाकी ट्रेलर येणार!"

*

आणि हा किस्सा सावंतचा.

सावंत कणकवलीचा, पार अबू धाबीपलीकडे रुवैसला साइटवर फिटर. सुट्टी मिळाली की बसने आमच्यात येतो. एकदा त्याचा फोन आला. साइटच्या स्टोअरमधून केबलचं बंडल गेलं होतं आणि वॉचमन म्हणत होता, सावंतला बाहेर पडताना पाहिलं. नोकरी जाणार, व्हिसा जाणार, वर गावात चोर म्हणून नाव होणार.

सरांनी सुट्टी टाकली आणि गाडी काढली. मीही सोबत गेले. मॅनेजरने विचारलं, "यू आर हिज लॉयर?"

"नो हबीबी, हिज फ्रेंड."

वॉचमन बिहारचा, वयस्कर. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "चाचा, पहचाना कैसे?"

"मूँछ से, साब."

"उस दिन धूल थी ना? मुँह पर मास्क था?"

"सबके मुँह पर था, साब."

"फिर मूँछ?"

म्हाताऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "साब, हमने तो बस एक आदमी देखा था. सब बोले सावंत था, तो हमको भी सावंत ही दिखने लगा."

सर उठले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरून म्हणाले, "चाचा, शुक्रिया." मॅनेजरने सावंतचं नाव चौकशीतून काढलं.

पुढच्या सुट्टीत सावंत खजुराचा डबा घेऊन आला. सरांचे आभार मानायला लागला. सरांनी त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि नेहमीसारखी केस सुरू केली. त्या दिवशी विषय होता लंडनच्या एका खाटकाचा. अशाच एका साक्षीवरून त्याला पकडलं होतं.

"काय सावंत," सर म्हणाले, "हा साक्षीदार भरवशाचा वाटतो?"

सावंतने बशी खाली ठेवली.

"ते मला कळत नाही, सर. पण त्या खाटकासाठी कोण गाडी काढून गेलं होतं काय?"