डोमाजी मापारी आणि एकेचाळीस किलो

आर्णीच्या बाजारात डोमाजींनी एकोणचाळीस वर्षं मापारी म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्यांच्या वजनावर कुणी बोट ठेवलं नाही. हे दुसरं कुणी सांगत नाही, डोमाजीच सांगतात, आणि समोरच्याचा चहा थंड होईपर्यंत सांगतात. कापसाची गाडी आली की आधी भरल्या गाडीचं वजन, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं. तुरीच्या पोत्यामागे बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, एक किलो कडता कापायचा. काट्यावर काहीही चढो, त्यात जो माल नाही तो डोमाजींच्या डोक्यात आपोआप वजा व्हायचा. इतरांनी दोन किलो कापले तरी यांनी एकच कापला, म्हणून शेतकरी त्यांच्याच काट्यापुढे रांग लावायचे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती ती.

काम सुटल्यावर मात्र माणूस घरात मावेना. बायकोच्या, मथुराबाईंच्या, डब्यांतलं पीठसुद्धा हातावर तोलून "हे पाच नाही, साडेचार हाये" म्हणायला लागल्यावर ती माउली हात जोडून म्हणाली, "कुठंतरी जा बाप्पा तुम्ही."

तेवढ्यात कापसाच्या जिनिंगवाल्या पुंडलिकरावांनी विमान घेतलं. सहा माणसांचं, एका इंजिनाचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. पुंडलिकरावांच्या हौसेला तर जिनिंगमागे मुरमाची धावपट्टीही होती. त्यांनी डोमाजींना बोलावलं. माणसं आणि सामान काट्यावर चढवायचं, आकडा पायलटला द्यायचा, पट्टीवरची गुरं हाकलायची आणि वॉकीटॉकीवर "पट्टी साफ हाये" म्हणायचं. डोमाजी खूश झाले. काटा म्हटला की त्यांना दुसरं काही लागत नव्हतं.

पायलट अमर साहेब नागपूरचे. शांत माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "डोमाजी, लहान विमानं पडतात ती काही मोठ्या कारणानं पडत नाहीत. कुणी पेट्रोलातलं पाणी बघितलेलं नसतं, कुणी ढग बघूनही निघतो, कुणी एक बॅग जास्त टाकतो. उन्हाळ्यात तर हवाच पातळ होते, पंखांना धरायला काही राहत नाही. तुमचा आकडा म्हणजे माझा जीव आहे." डोमाजींनी छाती काढून "काळजीच नाही साहेब" म्हटलं. चार महिने गेले. हिवाळा होता, दोन-तीन माणसं जायची, पट्टी अर्धी उरायची आणि विमान वर जायचं.

मे महिन्यात पुंडलिकरावांच्या आई इंदूबाईंची तब्येत बिघडली. हैदराबादला न्यायचं ठरलं. सोबत पुंडलिकराव, त्यांचा मुलगा अक्षय आणि एक नर्स. ही नर्स म्हणजे डोमाजींची नात वैष्णवी. यवतमाळच्या दवाखान्यात ती इंदूबाईंना सांभाळत होती, म्हणून तिलाच घेतलं. घराण्यात पहिल्यांदा कुणी विमानात बसणार होतं. मथुराबाईंनी तिची दृष्ट काढली.

निघायचं होतं सकाळी सातला. पण म्हातारीला भेटायला सगळं गणगोत लोटलं, आणि वाजले अडीच. अंगाची काहिली होत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. अमर साहेब घाम पुसत म्हणाले, "उद्या पहाटे निघू."

पुंडलिकरावांनी आईकडे पाहिलं. "उद्याचा भरोसा हाये का साहेब?"

साहेबांनी बराच वेळ आकडेमोड केली. मग डोमाजींना म्हणाले, "तीनशे ऐंशी. त्यावर एक किलो नको."

डोमाजींनी वजनं घ्यायला सुरुवात केली. पुंडलिकराव सत्त्याण्णव, अक्षय चौऱ्याऐंशी, वैष्णवी बावन्न. ती काट्यावर उभी राहून हसली आणि म्हणाली, "आबाजी, जास्त नोका सांगजा बरं." इंदूबाईंना उभं राहवेना, म्हणून चाकाच्या खुर्चीसकट काट्यावर घेतलं. ऐंशी. त्यातून खुर्चीचे एकोणीस गेले, राहिले एकसष्ट. ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. त्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं होतं, चौदा, ते वजा. हैदराबादच्या नातेवाइकांसाठी तुरीचं पोतं, लोणच्याची बरणी, कपड्यांच्या बॅगा, असे आठ नग. नगामागे एक किलो कडता. कागदावर लिहिलं, तीनशे शहात्तर.

"बसतं," अमर साहेब म्हणाले. पण नेहमी सामानावरून नजर फिरवणारा हा माणूस त्या दिवशी हैदराबादच्या फोनवर होता.

विमान घरघरत पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. तिथून वळून ते शेडच्या दिशेनं धावत येणार होतं. डोमाजी खुर्ची शेडमध्ये ठेवायला गेले, तर खुर्ची नव्हती.

"देवीलाल, खुर्ची कुठं हाय रे?"

देवीलाल सामान चढवायचा, पेट्रोलही तोच भरायचा. तो म्हणाला, "अक्षयभाऊनं घडी करून आत टाकली. तिथं उतरल्यावर म्हातारीले लागन ना."

डोमाजी तिथंच थांबले. खुर्ची आत होती. एकोणीस. मग सिलिंडरही आतच होतं, लोखंडासकट, चौदा. माल काय बॅगा-पोती सोडून गेला होता? आठ. एकेचाळीस किलो त्यांनी कागदावरून उतरवले होते आणि विमानातून एकही उतरला नव्हता. बाजारात रिकामी गाडी परत जाते. इथं गाडीच उडणार होती, आणि गाडीत वैष्णवी होती.

वॉकीटॉकी खिळ्याला लटकत होता. उचलायचा, बटण दाबायचं आणि "थांबा" म्हणायचं. लहान लेकरू करील एवढं काम. डोमाजींनी तो उचलला. आणि त्याच वेळी, काय सांगावं माणसाच्या मनाचं, त्यांना पुंडलिकरावांचा चेहरा दिसला. म्हातारीला उन्हात खाली उतरवलेलं दिसलं. डोमाजीचं वजन चुकलं, असं आर्णीच्या बाजारात एक जण दुसऱ्याला सांगतोय, तेही दिसलं. एकेचाळीस म्हणजे क्विंटलभर तर नाही, असंही मन म्हणालं. भ्यालेलं मन फार हुशार असतं.

"साहेब..." ते म्हणाले.

"बोला डोमाजी."

आणि मग जे रोज निघायचं तेच तोंडातून निघालं.

"पट्टी साफ हाये."

"ओके. निघतो."

इंजिन ओरडलं. डोमाजींनी पुन्हा बटण दाबलं, "साहेब, थांबा, थांबा वो," म्हणून ओरडले, पण त्या आवाजात कोण ऐकणार. मग ते पट्टीकडे धावले. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे जेवढे धावतील तेवढे. जिथं विमान रोज जमीन सोडायचं ती जागा मागे पडली. चाकं जमिनीवरच होती. विमान डोमाजींच्या समोरून गेलं, मुरूम अंगावर उडाला, आणि खिडकीत एक हात हलताना दिसला. तो वैष्णवीचा होता. चाकं अजून जमिनीवरच.

पट्टी संपायला आली तेव्हा ते कसंबसं उचललं, पुन्हा खाली बसल्यासारखं झालं, आणि बांधावरच्या बाभळींत शिरलं असंच डोमाजींना वाटलं. त्यांनी डोळे मिटले. आवाज कानात घुमत राहिला, मग बारीक होत गेला, मग थांबला. थांबला की दूर गेला, हे कळेना. डोळे उघडले तर बाभळीचा एक फाटा तुटून लोंबत होता आणि पलीकडे काहीच दिसत नव्हतं.

"गेलं का रे वर?" त्यांनी विचारलं.

देवीलाल कपाळावर हात धरून पाहत होता. "गेलं वाटते. काहून असं केलं त्यानं आज?"

डोमाजी बांधाकडे चालू लागले.

त्यानंतरचे दोन तास त्यांनी बांधावर काढले. पाणी घेतलं नाही. दूर कुणी शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, धूर निघाला, तेव्हा ते उठून तिकडे निघाले. देवीलालनं दोनदा सांगितलं तेव्हा पटलं की तो पऱ्हाट्यांचा धूर आहे. मथुराबाईंचा फोन आला, "पोरगी पोचली का?" त्यांनी "पोचन" एवढंच सांगून कापला. ते देवाला काहीबाही कबूल करत होते. नारळ कबूल केला, मग बोकड कबूल केला, मग लाज वाटली, कारण मागायचं होतं ते मघाशी स्वतःकडेच मागायला हवं होतं.

पावणेपाचला फोन वाजला. वैष्णवी.

"आबाजी, पोचलो आम्ही! आजीबाई पण चांगल्या हायेत. अँब्युलन्स येऊन राह्यली. तुम्हाले हात केलता मी, दिसला का?"

डोमाजींना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही.

"अहो, रडता कायले? मले तं मज्जा आली. झाडं इतकी जवळून दिसली!" मग तिचा आवाज खाली आला. "पण अमर साहेब लय चिडले हायेत. म्हणे इंजिनानं जोर धरला नाही, पेट्रोलात पाणी असन. देवीलालकाकानं बघितलं नसन म्हणून. पुंडलिकराव म्हणून राह्यले, त्याले उद्यापासून येऊ नोको म्हणा."

देवीलाल दोन हात अंतरावर बसला होता. फोनमधलं त्याला ऐकू येत नव्हतं. पोरगी पोचली एवढं कळलं होतं आणि तो खुशीनं तंबाखू मळत होता.

आता कुणीच मेलेलं नव्हतं. गप्प बसलं तर बसता येत होतं. डोमाजींना पुन्हा तीच भीती वाटली, तितकीच.

"साहेबाले दे फोन," ते म्हणाले.

"हे इथंच हायेत. स्पीकरवर टाकू का?"

"टाक." त्यांनी देवीलालकडे पाहिलं. "साहेब, पेट्रोल साफ होतं. देवीलालनं माझ्यासमोर बघितलं. वजन माहं चुकलं. मी कडता कापला. एकेचाळीस किलो जास्त होते."

अमर साहेबांनी हळू विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

इथंही खोटं चाललं असतं. आत्ता कळलं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"तुम्ही पट्टीच्या त्या टोकाले होते तेव्हा," डोमाजी म्हणाले. "वॉकीटॉकी हातात होता माह्या."

वैष्णवीचा आवाज आला, लहानपणी अंधारात हाक मारायची तसा.

"आबाजी, मी होती नं त्याच्यात."

"हो माय," डोमाजी म्हणाले. "माहीत होतं मले."