मंगरूचा जागा पोरगा

मंगरू ढिवरासारखी झोप आमच्या गावात कोणाला लागली नाही आणि पुढे लागेल असं वाटत नाही. माझं किराणा दुकान तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच आहे, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. डोंग्यात बसून जाळं टाकायचं आणि ओढायची वेळ होईपर्यंत घोरायचं, हीच त्याची धंदा करायची रीत. एकदा डोंगा वाऱ्याने वाहत पार पलीकडच्या बांधीला लागला. तिथं धान निंदणाऱ्या बायांना हा डोळे चोळत विचारतो, "कोनतं गाव होय हे?" त्याची बायको उषाबाई तर सांगते, की लग्नात अंतरपाट सरला तेव्हा नवरदेव उभ्या उभ्या झोपला होता आणि मामाने चिमटा काढला म्हणून हार पडला गळ्यात.

आम्ही हसायचो, तोही हसायचा. पण एक गोष्ट त्याला फार लागायची. आमच्या तलावात मासे चोरायला बाहेरचे लोक येतात, म्हणून ढिवरांच्या प्रत्येक घराने पाळीपाळीने रात्रीची राखण करायची असा रिवाज आहे. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष गोमाजी याने मंगरूचं घर त्या पाळीतून कधीच गाळून टाकलं होतं. "त्याले राखनीले बसवलं तं त्यालेच चोरून नेतीन," असं भर बैठकीत म्हणाला होता. ढिवराच्या घरावर तलावाचा भरवसा नाही, याहून मोठी नाचक्की नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याचा एकुलता एक पोरगा हेमराज ट्रकवरची नोकरी सोडून घरी आला आणि झोपेनासा झाला, तेव्हा मंगरूला आभाळ ठेंगणं झालं. हेमराज लाखनीच्या एका शेठची गाडी चालवायचा. घरी आल्यावर रात्रभर पाळीवर फिरायचा, सकाळी जाळं विणायला बसायचा, दुपारी घरातला कूलर खोलून त्याचे स्क्रू ओळीत मांडायचा. पुन्हा जोडायचा, पुन्हा खोलायचा. गोमाजीनेच घरी येऊन राखणीचं काम हेमराजला दिलं. रोजचं.

मंगरू त्या दिवशी दुकानात आला तो छाती काढून.

"माहा पोरगा झोपतच नाई," म्हणाला.

"आजारी असंल गा," मी म्हटलं.

"आजारी मानूस झोपते. हा तं काम करून राहिला."

मी त्याला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून दिला. खरं सांगायचं तर साऱ्या गावाने त्या पोराचा आदर्श घ्यायला सुरुवात केली होती. बाया आपल्या आळशी नवऱ्यांना हेमराजचं नाव घेऊन घालून पाडून बोलू लागल्या. माझ्या बायकोनेही मला सोडलं नाही.

एकटी हेमराजची बायको मेघा काळजीत होती. चहापत्ती घ्यायला आली की पुटपुटायची, "काका, हे जेवत नाईत. रातभर दात खातात. भिंतीतून कोनी बोलते म्हन्तात." तिने सासऱ्यालाही सांगितलं होतं. मंगरूने तिला समजावलं, "जाग्या मानसाले आवाज येनारच. झोपलेल्याले कायले येईल?"

मग जाळं ओढायचा दिवस आला. वर्षातलं मोठं जाळं तलावात उतरायच्या आधी गोमाजी प्रत्येक जाळ्याच्या भोकात आपली तीन बोटं घालून पाहतो. तीन बोटं गेली पाहिजेत, म्हणजे लहान मासोळी निसटून जाते आणि पुढच्या साली तलाव रिता राहत नाही. सारं गाव पाळीवर जमलेलं. मंगरूने पोराचं नवं जाळं डोक्यावरून मिरवत आणलं. काठाशी भोकं बरोबर होती. पुढे दोनच बोटं गेली. आणखी पुढे एक. मधोमध गोमाजी करंगळी घालायला लागला तर तीही जाईना. पोराने गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारत जाळ्याची रजई केली होती.

"मंगरू, हे पानी तरी सोडंल का?" गोमाजी म्हणाला आणि पाळीवर हशा पिकला.

"नव्या पद्धतीचं होय," मंगरू म्हणाला. "तुमाले नाई समजनार."

हेमराज तोवर बाजूला उभा होता, पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत. बापाने जाळं हातात धरलेलं पाहिलं आणि पोरगा मागे सरकला. काठावरची डोंगा ढकलायची बल्ली उचलली. गालफडं बसलेली, घामाने भिजलेला, तेही थंडीत. म्हणाला, "मले गुंडाळाले आनलं ना हे? तुमीही त्यायले सामील झाले ना, बाबा?"

हशा तिथेच विरला. मंगरूने जाळं खाली ठेवलं. हळूहळू, दोन्ही हात पसरून पोराजवळ गेला आणि त्याच्या हातातली बल्ली काढून घेतली. त्याला बापाने जवळ घेतलं तेव्हा तो आपल्याच बापाच्या हातातून सुटायला धडपडत होता. ते पाहून मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मेघाने त्याच्या पेटीतून काचेची जळकी नळी आणि प्लास्टिकच्या पन्नीतले पांढरे खडे आणून सर्वांसमोर ठेवले. "गाडीवर जागं राहाले घ्याचे," म्हणाली. "ढाब्यावर मिळते. पयले रातच्यापुरतं, मंग दिवसालेही. गाडी नालीत घातली म्हनून शेठनं काढलं यायले." नोकरी सोडली नव्हती तर. माल उद्या सकाळी पोचलाच पाहिजे असं सांगणारे शेठ पुष्कळ आहेत. माणूस झोपणार कधी, हे विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आम्ही त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या नशेच्या खड्यांचं भलं लांब नाव सांगितलं. म्हणाल्या, हे काही आजचं नाही, शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या आणि जपानच्या शिपायांना जागं राहायला याच्या गोळ्या देत असत.

मंगरूने नीट ऐकून घेतलं. "मंग जिंकले का ते?"

"नाही. हरले."

"मंग आमाले कायले देऊन राहिले?"

बाईंनी केसपेपर पुढे ओढला. त्या म्हणाल्या, "आता हा खूप झोपेल. उठला की चिडेल, उदास बसेल, पुन्हा तेच मागेल. तेव्हा कोणीतरी जवळ पाहिजे. झोपेतून ओढून उठवू नका, आणि जागा असताना एकटं सोडू नका."

"झोपेचं आमच्या घराले सांगू नोका," मंगरू म्हणाला. इतक्या दिवसांनी उषाबाई हसली.

दोन-तीन दिवसांनी मी डबा घेऊन गेलो. वॉर्डात हेमराज भिंतीकडे तोंड करून घोरत होता, थेट बापासारखा. खाटेजवळ स्टुलावर मंगरू ताठ बसलेला. डोळे लालभडक, हातातल्या वर्तमानपत्राच्या घडीने पोरावरच्या माशा हाकत होता. नर्सने मला सांगितलं, हा बाबा आल्यापासून आडवा झालेला नाही. त्याची बायको येते, सून येते, त्याला झोपायला सांगतात. हा हलत नाही.

मी विचारलं, "मंगरू, तू झोपला नाई काहून?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग जवळच्या खाटांवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा बेताने, त्याच जुन्या मिजाशीत म्हणाला, "हळू बोल गा. माहा पोरगा झोपला आहे. आज माही राखन होय."