दोन गन आणि सावंतकाकांची पांढरी स्कूटर

चहा घेता घेताच ऐका, कारण माझं हे शहाणपण बिनचहाचं मलाही झेपत नाही.

भांडुपला आमचा लोखंडी कपाटांचा गाळा आहे. बाबा रंग मारतात कॉम्प्रेसरच्या जुन्या स्प्रे गनने. निम्मा रंग कपाटावर, निम्मा हवेत, आणि हवेतला बाबांच्या छातीत. मग खोकत बसतात. मी कधीची सांगतेय, कमी दाबाची टर्बाइन गन घ्या, रंग उडत नाही. उत्तर ठरलेलं: "तू जन्मायच्या आधीपासून मारतोय." आता खोकल्याचाही अनुभव धरायचा का?

शेवटी एका दुकानदाराकडून नवी गन दिवसभरासाठी मागून आणली. म्हटलं, होऊन जाऊ दे समोरासमोर. कपाटाची दोन दारं, एकावर नवी गन, एकावर जुनी. निकाल द्यायला शेजारच्या गाळ्यातले सावंतकाका, कारण बाबा जगात फक्त त्यांचं ऐकतात.

एरवी रंग मारताना बाबा सगळ्यांना बाहेर काढतात. मी काकांना आत खुर्ची दिली. बाहेर ऊन होतं, म्हणून त्यांची नवी पांढरी स्कूटरही आत घेतली.

"अगं, रंग उडेल ना?"

"काका, ही गन उडवतच नाही. निवांत बसा तुम्ही."

आणि खरंच, दार झकास निघालं. काकांच्या पांढऱ्या शर्टावर एक ठिपका नाही. मी इतकी खूश, की लगेच म्हटलं, "बाबा, आता तुमची दाखवा."

बाबांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "नक्की?"

"का, घाबरलात?"

घाबरायला मी हवं होतं. तुलना म्हटली की दुसरी गनही चालणार, हे या पदवीधर डोक्यात आलंच नाही. बाबांनी जुनी गन चालवली, आणि रंगाचं धुकं खाली बसलं तेव्हा स्कूटर मोरपंखी, शर्ट मोरपंखी, काकांच्या भुवयाही मोरपंखी.

काकांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती तेवढे दोन गोल कोरे. "विलास, पोरगी बरोबर बोलते. फार उडतो रे."

बाबांनी जुनी गन तिथेच खाली ठेवली. मी जिंकले होते. अभिनंदन कोणी केलं नाही.

नव्या गनचं पहिलं काम ठरलं: स्कूटर परत पांढरी करणं. मारणार कोण, हे विचारायचीही सोय नव्हती. मी मास्क चढवला. बाबा आधीच बाहेर जाऊन उभे.

"बसा ना काका, ही खरंच उडवत नाही."

"मागच्या वेळी पण हेच बोललीस," असं म्हणत काका उठले, बाहेर गेले आणि शटर बाहेरून खाली ओढून घेतलं.