साकोलीचा सेंटर फॉरवर्ड आणि बर्फावरची हॉकी

परसरामनं मशीनच्या पोटात लाथ घातली, तेव्हा दुकानातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाटकात खलनायक आडवा झाला की वाजतात ना, अगदी तशा.

"ओ परसुभाऊ! प्लायवूडची हाय ते! तुमच्या राइस मिलची नाही!" बाबुलाल गल्ल्यावरून ओरडला.

"मंग तिले नियम शिकव ना बे! धक्का मारला त्यानं मले. सरळ सरळ मारला. सारी साकोली पाहून राहिली!"

"पाहून तं राहिली काका, पण शिट्टी कोन वाजवन?" इश्वर म्हणाला, आणि पोरं पुन्हा हसली.

सत्त्याऐंशी सालचा हिवाळा. साकोलीच्या बसस्टँडसमोर बाबुलालचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. त्यानं अर्ध्या सायकली विकल्या आणि नागपूरहून व्हिडिओ गेमची मशीन आणली. कपाटाएवढी पेटी, वर काच, खाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकलं की काचेत पांढरंशुभ्र मैदान उजळायचं. एक लाल गडी, एक निळा गडी, दोन्ही टोकांना एकेक गोलकीपर आणि चेंडूऐवजी एक काळी चकती. लाल आपला, निळा मशीनचा. आणि वेग असा, की डोळ्याची पापणी लवली तर गोल झालेला.

पहिल्या दिवशी परसरामनं विचारलं होतं, "हे पांढरं काय हाय बे? चुना टाकला का?"

"बर्फ हाय काका. बर्फावरची हॉकी."

"बर्फावर मासे ठेवतेत. हॉकी कोन खेळते?"

हॉकी कोण खेळतं आणि कुठं, हे सांगायचा हक्क त्याला होता. सत्तरनंतरची सात-आठ वर्षं साकोलीचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे परसराम. तलावाच्या पाळीखालच्या मैदानावर जागेश्वर मास्तरांनी त्याच्या पिढीला हॉकी शिकवली, ती बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून केलेल्या काठ्यांवर. रोजच्या खेळाला पंच कुठून आणायचा? म्हणून मास्तरांनी एक रीत घालून दिली. ज्याच्या हातून फाऊल होईल, त्यानंच हात वर करायचा. हात वर झाला की मास्तर शिट्टी फुंकायचे आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. ही सवय अशी मुरली, की भंडाऱ्याच्या सामन्यात शिट्टीवाला पंच समोर उभा असतानाही साकोलीचे गडी आपणहून हात वर करायचे. भंडारेकर खिदळायचे, "आले पाहा सत्यवादी!"

पुढं परसराम राइस मिलमध्ये लागला. तिथं पट्ट्यांच्या गडगडाटात बोललेलं ऐकू येत नाही. काही अडकलं, कुणाचं धोतर ओढलं गेलं, की हात वर करायचा. दुसरा माणूस धावत जाऊन मेन स्विच पाडतो. म्हणजे आयुष्यभर त्यानं एकच गोष्ट पाहिली होती: हात वर केला की सगळं थांबतं.

ही मशीन थांबत नव्हती. निळ्यानं लाल गड्याला धडक देऊन पाडलं, की परसरामचा हात दांडी सोडून आपोआप वर जायचा. तेवढ्यात निळा गोल करून मोकळा.

मास्तर वारले तेव्हा त्यांची पितळी शिट्टी परसरामकडे आली. पण फुंकायची कुणासाठी? त्र्याऐंशी साली देशानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि पोरांच्या हाती बॅटी आल्या. हॉकीला एक भिडू मिळेना. तरी परसराम दर रविवारी मैदानातले खडे वेचायचा आणि मिलमधून आणलेल्या भुशाच्या राखेनं गोलपुढचा अर्धगोल आखायचा. त्या अर्धगोलात इश्वरची पोरं क्रिकेट खेळायची, आणि परसराम पाळीवर बसून दात-ओठ खायचा.

इश्वर क्रिकेटवाल्यांचा कप्तान. त्याला मैदानाच्या मधोमध पक्की पीच हवी होती. परसराम आडवा आला, "माझ्या सेंटरलाइनवर कुदळ मारान तं पाय तोडीन." शेवटी बाबुलालच्या दुकानात सगळ्यांसमक्ष इश्वरनं डिवचलं, "काका, हॉकी आता काचेतच राहिली. तिथं तरी जिंकून दाखवा! तुमी जिंकले तं आमी अकराच्या अकरा स्टिक धरतो, सव्वीस जानेवारीच्या सामन्याले भंडाऱ्याले तुमच्यासंग खेळाले येतो. हारले तं मैदानाच्या मधात पीच."

अकरा गडी! परसरामच्या डोळ्यांपुढं भंडाऱ्याचं मैदान उभं राहिलं. "मंजूर," तो म्हणाला. संक्रांतीचा दिवस ठरला.

मग मिल सुटली की तो मशीनपुढं. घरी आला की चिडलेला. भाकर मोडतानाही मनगट डावी-उजवीकडे फिरायचं. एक दिवस त्याची बायको पंचफुला बाजाराची थैली घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. दोन डाव तिनं निमूट पाहिले.

"तो ढकलते तं तुमीबी ढकला ना," ती म्हणाली.

"फाऊल असते ते."

"त्या डब्ब्यात पंच हाय का?"

"नाही."

"मंग कायचा फाऊल? आन तो हात काहून वर करून राहिले? साळेत मास्तरनं प्रश्न इचारला का?"

दुकान हसून लोळलं. परसराम तिच्यावर खेकसला, पण घरी जाताना तिचं म्हणणं त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. समोरचा ढकलतो, आपण पडतो, हात वर करतो, हरतो. सगळा घोळ त्या हाताचा होता.

संक्रांतीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. परसरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, डावा हात दांडीवर ठेवला आणि दुपट्ट्यानं हात दांडीला करकचून बांधला.

"हे काय गा?" बाबुलालनं विचारलं.

"आता पाहतो कसा वर जाते तो."

नाणं पडलं. निळ्यानं आल्या आल्या धडक दिली. डाव्या हातानं हिसका खाल्ला, पण दुपट्ट्यानं धरून ठेवला. परसराम दात खाऊन खेळत राहिला. एक गोल खाल्ला, एक केला. पुन्हा एक खाल्ला, पुन्हा एक केला. पोरं काचेवर वाकली. इश्वरनंही ओठ चावायला सुरुवात केली. काचेच्या कोपऱ्यातली वेळ संपत आली आणि निळा गडी चकती घेऊन निघाला.

"ढकला!" दारातून पंचफुला ओरडली.

परसरामनं ढकललं. जन्मात पहिल्यांदा, जाणूनबुजून. निळा गडी भुईसपाट झाला. बर्फावर चकती लालच्या काठीशी, समोर गोलकीपर भलत्याच बाजूला, गोल उघडा. नुसतं बटण दाबायचं होतं.

आणि बटणावरचा उजवा हात वर गेला.

डावा बांधला होता. उजवा बांधायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. निळा उठला, चकती उचलली आणि वेळ संपता संपता गोल करून मोकळा झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुपट्ट्याची गाठ सुटता सुटेना, म्हणून परसराम तिच्याशी झटत राहिला. शेवटी पंचफुलानं येऊन ती दातानं सोडवली.

"काका, बटण काहून नाही दाबलं?" इश्वरनं विचारलं.

"फाऊल होता माझा."

"कोनी पाह्यला?"

"म्या नाही पाह्यला का बे?" परसराम वसकन ओरडला आणि निघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात मैदानाच्या मधोमध कुदळ पडली. परसराम तिकडं फिरकला नाही. रविवारी राखेची घमेली दारात तशीच पडून राहायची आणि तो घरातल्या गंज-भांड्यांवर राग काढायचा. सव्वीस जानेवारी आली आणि गेली.

मग एका सकाळी इश्वर दारात. लाखनीच्या संघाशी सामना होता. मागच्या खेपेला पंचावरून डोकी फुटली होती, म्हणून यंदा कुणी कुणाचा पंच मानेना.

"ते लाखनीवाले म्हनतेत, मशीनपुढं हात वर करनारा मानूस द्या, तं खेळतो. चला ना काका."

"तुमचं क्रिकेट मले समजत नाही. आन माझ्या सेंटरलाइनवर उभा राहून तुमचे चेंडू मोजू का?"

"जा ना वो," आतून पंचफुला म्हणाली. "एक गंज चेपला, आता दुसऱ्यावर डोळा हाय तुमचा."

परसराम गेला. पीचवर उभा राहिला तेव्हा पायाखाली कडेला जुन्या राखेची एक पुसट रेघ दिसत होती. त्याचं तोंड आणखी वाकडं झालं. तिसऱ्याच चेंडूला पॅडवर काहीतरी थाडकन आदळलं. लाखनीची अकरा तोंडं एकदम ओरडली, फलंदाज पळत सुटला, इश्वर बाहेरून हातवारे करू लागला. सगळे एकाच वेळी परसरामकडे पाहून ओरडत होते, आणि त्याला काडीचंही कळत नव्हतं. त्याचा हात खिशात गेला. मास्तरांची पितळी शिट्टी तोंडात आली.

ती वाजली, पार तलावाच्या पाळीपर्यंत.

फलंदाज अर्ध्या वाटेत एक पाय उचलून थांबला. गोलंदाज हात पसरून थांबला. चेंडू उचलायला वाकलेला वाकलेलाच राहिला.

"काका," इश्वर सीमेवरून हळूच म्हणाला, "क्रिकेटात शिट्टी नसते."

"मालूम हाय मले," परसराम म्हणाला. त्यानं चहूकडे एकदा नीट पाहून घेतलं. "थांबले ना पन."