फिटरकाकांचा लोखंडी दगड

दगड हातात आला की फिटरकाका आधी तो तळहातावर झेलून बघत. हलका असला तर हसत. जड लागला तर कपाळाला आठी. "ह्याच्या पोटात लोखंड हाय. ह्यो सुखानं कापू देणार नाय."

तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत फिटर म्हणून काढून ते पोलादपूरला परतले होते. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर, त्यांच्याच पडवीतला भाडेकरू. मागच्या ओढ्याच्या धारेखाली त्यांनी सायकलचं चाक बसवलं होतं. त्याच्या पट्ट्यावर एक डबा दिवसरात्र फिरे. डब्यात गारगोट्या, पाणी आणि घासायला कुरुंदाची भुकटी. काही आठवड्यांनी काचेसारखे गुळगुळीत खडे निघत.

लोखंडी दगडाने मात्र त्यांना दमवलं होतं. मेहुण्याने खाणीवरून आणलेला, काळा, चकचकीत. कापायच्या चकतीवर धरला की तांबडा चिखल उडे. धोतर, भिंत, काकींची तुळस, सगळं लाल. जरा जोर दिला की टवका निघे. "मास्तर, ह्याला गारगोट्यांत टाकायचा नाय हां. जड हाय, बाकीच्यांची हाडं मोडंल," असं ते कितीदा तरी म्हणाले. मी वह्या तपासता तपासता 'हो' म्हणायचो.

त्या वर्षी डब्यात काकींसाठी करायच्या माळेचे खडे होते. नोकरीभर बायकोला गावीच ठेवल्याची ती भरपाई असावी. मधेच भाऊ आजारी पडला म्हणून काका आठ दिवस उमरठला गेले आणि डब्याकडे बघायचं काम माझ्यावर आलं. परतल्यावर त्यांना तो हट्टी दगड चमकताना दिसावा, म्हणून मी तो डब्यात टाकला.

आल्या आल्या त्यांनी डबा उपडा केला. लाल चिखलात खड्यांचे नुसते तुकडे. काकांनी उकिडवं बसून त्यातून तो काळा दगड उचलला.

"मास्तर, जाताना ह्यो मीच टाकला काय?"

हल्ली ते विसरत. आदल्याच महिन्यात महाडच्या बाजारात पिशवी ठेवून आले होते.

"घाईत टाकला असेल," मी म्हणालो.

"डोकं ऱ्हायलं नाय. उद्या चकतीत बोटं घालीन."

संध्याकाळी त्यांनी चाक काढून टाकलं. पुढे बाजाराला एकटे जाणंही सोडलं. काकींना विचारल्याशिवाय दाराची कडीसुद्धा लावीनात.

आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता म्हणता माझी बदली झाली. चार वर्षांनी गेलो तेव्हा काका नव्हते. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मला कशाला सांगता, मास्तर? त्यांना सांगायचं होतं. शेवटपर्यंत सोताला खुळा समजत गेले."