अडकणारी जागा

आंबीच्या कंपनीतून सुटून सोमाटण्याला घरी पोहोचेपर्यंत अर्धा जीव जातो. उरलेल्या अर्ध्यात मी महिनाभर एकच घोळ घालत होतो, सिनेमांच्या डीव्हीडीच ठेवायच्या की आता ब्ल्यू-रे घ्यायच्या. कपाटभर डीव्हीडी होत्या, बहुतेक लोणावळ्याच्या एका दुकानातल्या. तिथं आता चिक्की मिळते.

कंपनीतला एक जण रोज डोकं खायचा, की ब्ल्यू-रेवर नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. घाम मी दिवसभर बघतो, तो घरी आणून कशाला बघू? तरी शेवटी वैतागून प्लेअर घेतला, आणि आमच्या आवडत्या सिनेमाची ब्ल्यू-रेही.

त्या सिनेमाच्या डीव्हीडीवर चरा होता. कोर्टाच्या सीनला ती हटकून अडकायची. मग बायको चहा टाकायला उठायची आणि मी रिमोटने सिनेमा पुढे ढकलायचो. इतक्या वर्षांत तो सीन आम्ही पाहिलेलाच नव्हता.

रविवारी दुपारी नवी डिस्क लावली. कोर्ट आलं आणि काहीच अडकलं नाही. बायको मात्र सवयीने उठली आणि चहा टाकायला गेली.

परत आल्यावर तिने माझ्यासमोर कप आदळला. "काय झालं हो कोर्टात?"

"काय माहीत," मी दचकून म्हणालो. "डोळा लागला."

"मग जुनीच लावायची होती," ती म्हणाली. "ती अडकली की तुम्ही जागे तरी व्हायचात."